‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. पुढची गोष्ट आपण इतिहासाचं पुस्तक हातात येण्याआधीच ऐकलेली असते. राघोबादादांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. असं खरंच घडलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पण मराठीने आपला निकाल कधीच लावून टाकला आणि त्याचा वाक्प्रचार केला.

मला या गोष्टीत कारस्थानापेक्षा कारागिरी जास्त दिसते. बदल एका अक्षराचा. बाकीचं वाक्य जागच्या जागी, व्याकरण शाबूत, वाचणाऱ्याला शंका यायला जागाच नाही. ‘धरावे’चं ‘चरावे’ झालं असतं तर सुमेरसिंग गारदी हसला असता आणि चिठ्ठी परत पाठवून खुलासा मागितला असता. पण ‘धरावे’ आणि ‘मारावे’ हे दोन्ही हुकूम त्या दिवशी त्या वाड्यात शक्य होते, आणि दोघांमध्ये अंतर होतं फक्त एका अक्षराचं. ‘अंतर’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो गणिती अर्थाने येणार आहे.

ही भीती आपल्या कारकुनांना चांगली ठाऊक होती. मराठेशाहीतल्या पत्राच्या डोक्यावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की तिथे लहानशी मोर्तब. मोर्तबेचा अर्थ, लिहिणं इथे संपलं. याखाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज बैठकीतल्या ठरावालासुद्धा वापरतो. तीच भीती चेकवर आहे. आकड्यात ५०० लिहायचं, वर पुन्हा ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’. एकच गोष्ट दोनदा, आणि शेवटचं ‘फक्त’ ही चेकवरची मोर्तब. आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम खरी धरायची, हे १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या अठराव्या कलमात लिहिलेलं आहे. संदेशात जरुरीपेक्षा जास्त काही घालायचं, म्हणजे चूक झाली तर ती दिसते, ही युक्ती माणसाला गणिताच्या कितीतरी आधी सुचली. गणिताने पुढे तिचा भाव ठरवला. तो भाव कसा ठरला, त्याची ही कुळकथा.

भाव म्हटलं की तार आलीच. हिंदुस्थानात तारखातं सामान्य लोकांना १८५५ साली खुलं झालं आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद पडली. मधल्या दीडशे वर्षांत तारेने लोकांना एक नवी कंजुषी शिकवली. पैसे शब्दावर. त्यामुळे क्रियापदं गेली, विभक्त्या गेल्या, ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ तर कधीच गेलं. उरलं ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. आमच्याकडे तार आली की रडारड आधी आणि वाचन नंतर, अशीच रीत होती. तार कोणी उगाच करत नाही, हे सगळ्यांना माहीत; त्यामुळे पाकीट फोडायच्या आतच निम्मा मजकूर पोचलेला असायचा. शुभेच्छांच्या तारेला वेगळा नक्षीदार कागद होता. त्या तारांचे मजकूर आधीच छापलेले आणि क्रमांक दिलेले असत. पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक सांगायचा, तिकडे दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांचं आख्खं वाक्य उमटायचं. म्हणजे वाक्य तारेतून जातच नव्हतं. जात होती ती फक्त निवड: या यादीतलं कितवं? या शास्त्राचं सगळं रहस्य त्या क्रमांकात आहे, पण ते दिसायला फार वर्षं लागली.

व्यापाऱ्यांनी ही युक्ती पार टोकाला नेली. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे लंडनपर्यंत समुद्राखालून तार पोचली. अशा लांबच्या तारेचा दर कापूस-लोकरवाल्यांना परवडेना, म्हणून संकेतांचे कोश निघाले. एका शब्दाचा अर्थ आख्खं वाक्य. पैसे वाचले, पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी गेलं. काय गेलं, ते फिलाडेल्फियाच्या एका लोकर-व्यापाऱ्याला कळलं.

त्याचं नाव फ्रँक प्रिमरोज. जून १८८७ मध्ये त्याने कॅन्ससमधल्या आपल्या अडत्याला सांकेतिक तार केली. तिच्यात ‘बे’ असा एक शब्द होता. कोशात त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत कुठेतरी ‘बे’चं ‘बाय’ झालं, म्हणजे ‘खरेदी कर’. स्पेलिंगमध्ये मधल्या ‘ए’चा ‘यू’ झाला होता. मोर्सच्या लिपीत ‘ए’ म्हणजे एक टिंब, एक रेघ. ‘यू’ म्हणजे दोन टिंबं, एक रेघ. एक टिंब जास्त पडलं, कट्ट-कडकट्टमधला एक कट्ट. अडत्याने इमानेइतबारे तीन लाख पौंड लोकर विकत घेतली आणि प्रिमरोजचे वीस हजारांवर डॉलर बुडाले. तो वेस्टर्न युनियन कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १८९४ मध्ये निकाल लागला: तारेच्या कागदामागे अटी छापल्या आहेत, चूक नको असेल तर निम्मा आकार जादा भरून तार उलट मागवून ताडून घ्यायची सोय होती, ती तुम्ही घेतली नाहीत. तेव्हा तुम्हाला फार तर तारेचा आकार परत मिळेल. तो होता एक डॉलर पंधरा सेंट.

साध्या इंग्रजीत तार केली असती तर असं झालं नसतं. वाक्यातल्या बाकीच्या शब्दांनी ओरडून सांगितलं असतं की इथे काहीतरी चुकलंय. संकेतात प्रत्येक शब्द मोलाचा, म्हणून प्रत्येक अक्षर धोक्याचं. आपण भाषेतला फाफटपसारा म्हणतो तो विम्याचा हप्ता असतो. प्रिमरोजने हप्ता वाचवला.

तारायंत्राच्या इतिहासात दुसरी एक चूकही शिकण्यासारखी आहे. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सोळा तास लागले. दोन हजार मैल ओल्या केबलमधून जाताना टिंब-रेघा एकमेकांत मिसळायच्या, जसा शाईचा ठिपका टीपकागदावर पसरतो. केबलचा प्रमुख विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याचा उपाय सोपा होता: जोर वाढवा. त्याने सुमारे दोन हजार व्होल्ट लावले आणि काही आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली. ट्रंक-कॉलवर ओरडणारे आपले काका याच पंथाचे. विल्यम थॉमसनचं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनचं म्हणणं उलट होतं. ओरडू नका, नीट ऐका. त्याने एक चिमुकला आरसा टांगलेलं गॅल्व्हनोमीटर बनवलं, ज्यात क्षीण प्रवाहानेही प्रकाशाचा ठिपका हलायचा. पुढे १८६६च्या केबलवर थॉमसनचीच पद्धत चालली. पण गोंगाटातून बोलायचं तर एक मोठ्याने बोला, नाहीतर सावकाश बोला, तिसरा मार्ग नाही, ही समजूत अभियंत्यांच्या डोक्यात आणखी ऐंशी-नव्वद वर्षं टिकली.

तिसरा मार्ग कळायला आधी ‘किती सांगितलं’ हे मोजता यायला हवं होतं. मोर्सच्या लिपीत त्याची चाहूल आहे. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणारं अक्षर ‘ई’, म्हणून त्याला फक्त एक टिंब. हे ठरवायला भाषाशास्त्रज्ञ बोलावला नव्हता. छापखान्यात गेले आणि खिळ्यांच्या पेटीत कुठल्या अक्षराचे खिळे किती ठेवलेत ते मोजलं. दुसरी चाहूल १९१३ ची, रशियातली. आंद्रेई मार्कोव्ह या गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मधली पहिली वीस हजार अक्षरं घेतली, कविता बाजूला ठेवली, आणि स्वर-व्यंजनं मोजली: ८,६३८ स्वर, ११,३६२ व्यंजनं. स्वरानंतर स्वर किती वेळा, व्यंजनानंतर स्वर किती वेळा. कविता वाचायची ही पद्धत कवीला आवडली नसती. पण पुढचं अक्षर मागच्या अक्षरावर अवलंबून असतं, हे त्यातून पहिल्यांदा आकड्यात आलं.

इथे कोणीतरी छंदशास्त्रकार पिंगळाचं नाव काढणार, हे मला दिसतंय. काढा. लघु आणि गुरू, दोनच चिन्हं. तीन-तीनांचे गट केले तर आठ गण. आणि ‘यमाताराजभानसलगा’ ही शाळेत घोकलेली दहा अक्षरांची माळ: पहिल्या आठांपैकी कुठल्याही अक्षरापासून सलग तीन घ्या, त्या अक्षराचा गण मिळतो, आठही गण एकदा आणि एकदाच. चोवीस चिन्हांचा मजकूर दहांत बसवलाय. माहिती दाटीने भरायचा इतका देखणा नमुना शोधून सापडणार नाही. मात्र अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी वृत्तं शिकलेली नव्हती. साम्य आहे, वंशावळ नाही, आणि साम्य पुरेसं सुंदर असताना वंशावळ लावायचा मोह आवरावा.

वंशावळ न्यूयॉर्कच्या त्याच टेलिफोन कंपनीत सापडते. हॅरी नायक्विस्टने १९२४ मध्ये तारेच्या वेगाचं गणित मांडलं. राल्फ हार्टलीने १९२८च्या लेखात आणखी धीट पाऊल टाकलं: पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं ते विसरा; त्याच्यापुढे किती पर्याय होते तेवढं मोजा आणि त्याचा लॉगॅरिदम घ्या. शुभेच्छांच्या तारेचा क्रमांक आठवला? तेच हे. पण हार्टलीच्या हिशेबात सगळे पर्याय सारख्याच वजनाचे होते.

क्लॉड शॅननचा जन्म १९१६ चा, मिशिगनमधला. लहानपणी त्याने अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत शेताच्या काटेरी कुंपणाच्या तारेवरून तारायंत्र जोडलं होतं. ही गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात येते, आणि आलीच पाहिजे, कारण या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य म्हणजे खराब तारेवरून नीट बोलायची खटपट. एकविसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्याने एमआयटीत प्रबंध लिहिला: स्विचांच्या जाळ्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तर्कशास्त्र बसवता येतं. तुमच्या मोबाइलची चिप त्यावर चालते. युद्धकाळात तो बेल प्रयोगशाळेत होता, गुप्तलेखनावर काम करत. जुलै आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्याचा संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्ताचा लेख दोन भागांत छापून आला.

लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात त्याने सांगून टाकलं, की संदेशांना अर्थ असतो खरा, पण अभियंत्याच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. प्रश्न एवढाच, की शक्य असलेल्या संदेशांपैकी नेमका कोणता निवडला गेला. आणि ज्याची शक्यता कमी त्याची माहिती जास्त. जूनमध्ये कोकणात पाऊस पडला, ही बातमी नव्हे. पडलाच नाही, ही पहिल्या पानावरची बातमी. नाणेफेकीचा निकाल म्हणजे माहिती मोजायचं मूळ वजन: एक होय किंवा एक नाही. त्याला नाव पडलं ‘बिट’. नाव सुचवलं जॉन टुकीने, आणि शॅननने ते श्रेय लेखातच दिलं. पत्त्यांच्या जोडातलं एक पान मनात धरा. मी योग्य प्रश्न विचारले तर जास्तीत जास्त सहा ‘होय-नाही’त ते काढीन, कारण बावन्न पानांतली निवड म्हणजे साधारण ५.७ बिट. तुम्ही चौकटचा राजा धरलात की किलवर दुरी, मला फरक पडत नाही. नेमकं हेच या सिद्धान्ताचं बळ, आणि हेच त्याचं न्यून.

लेखातला खरा धक्का पुढे आहे. प्रत्येक वाहिनीची, मग ती तार असो की हवा, एक ठरावीक क्षमता असते. वेग त्या क्षमतेच्या आत ठेवलात तर गोंगाट कितीही असो, चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात. मोठ्याने ओरडायची गरज नाही, रेंगाळायचीही नाही. संदेश शहाणपणाने बांधा. फक्त तो कसा बांधायचा हे शॅननने सांगितलं नाही! असा बांधणारा संकेत असतोच, एवढं त्याने सिद्ध केलं आणि शोधायचं काम जगावर सोडलं. जगाला त्या मर्यादेच्या जवळ जायला १९९० चं दशक उजाडलं.

भाषेतला फाफटपसारा मोजायची त्याची रीत मात्र अगदी घरगुती होती. बायकोला, बेटीला, पुस्तकातला एक उतारा न दाखवता विचारायचं: पहिलं अक्षर कोणतं? चुकलीस. हे होतं. आता पुढचं? बेटी स्वतः बेल प्रयोगशाळेत गणिती होती, पण इथे गणित नको होतं, नुसती भाषा हवी होती. १९५१ मध्ये त्याने छापलेल्या एका प्रयोगात १२९ अक्षरांपैकी (मोकळ्या जागा धरून) ८९ पहिल्या फटक्यात बरोबर आली. चुका बहुतेक शब्दाच्या सुरुवातीला. शब्द एकदा सुरू झाला की तो स्वतःच पुढे ओढत नेतो. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर जेमतेम एक बिट माहिती देतं, बाकी सगळी पुनरुक्ती, असा हिशेब निघाला.

मराठीत ही पुनरुक्ती कशी दिसते ते बघा. ‘ती मोठी काळी गाय आली.’ गाय स्त्रीलिंगी आहे हे गायीखेरीज चार शब्दांनी सांगितलं: ती, मोठी, काळी, आली. इंग्रजी हेच वाक्य बोलताना एकदाही सांगत नाही. आता एसटी स्टँडवर गाडीचा भोंगा वाजला आणि ‘ती मोठी काळी… आली’ एवढंच कानावर पडलं, तरी बैल बाद झाला, घोडा बाद झाला. परदेशी विद्यार्थी आपल्या लिंगव्यवस्थेवर डोकं आपटतो, टेबल नपुंसक आणि खुर्ची स्त्री का म्हणून विचारतो. उत्तर मलाही देता येत नाही. पण ती व्यवस्था दर वाक्याला ताळा करत राहते, एवढं मात्र शॅननमुळे कळलं.

ताळा यंत्राला शिकवला तो रिचर्ड हॅमिंगने. बेल प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी त्याची गणितं रिलेवाल्या संगणकावर लागायची. यंत्राला चूक सापडली की ते गणित सोडून पुढच्याकडे वळायचं. सोमवारी येऊन बघावं तर काही झालेलंच नसायचं. तो वैतागला. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये? १९५०च्या त्याच्या लेखातली युक्ती कागदावर करून बघण्यासारखी आहे. संदेशाचे चार बिट घ्या, त्यांना ताळ्याचे तीन बिट जोडा. प्रत्येक ताळा वेगवेगळ्या बिटांवर नजर ठेवतो. पोचल्यावर तीन प्रश्न विचारा: पहिला ताळा जुळला? दुसरा? तिसरा? तीन ‘होय-नाही’ची आठ उत्तरं होतात. सात उत्तरं सात जागांपैकी कुठली बिघडली ते सांगतात, आठवं सांगतं, सगळं ठीक. सगळं वाक्य पुन्हा पाठवायची गरजच राहत नाही. प्रिमरोजला निम्मा आकार जादा भरून फक्त ताडून मिळणार होतं. इथे दुरुस्तही होऊन मिळतं.

दोन संकेतशब्द किती जागी वेगळे, त्याला हॅमिंगचं अंतर म्हणतात. अंतर मोठं तर चूक पचते. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एका क्रमांकाने ओळखतो. मी कुतूहलाने ‘ध’ आणि ‘म’ यांचे क्रमांक बिटांत मांडून पाहिले. अंतर निघालं दोन. दोन बिट पलटले की ‘ध’चा ‘म’ होतो; काना मात्र वेगळा घालावा लागतो, त्यामुळे ‘धरावे’ची पाच चिन्हं ‘मारावे’त सहा होतात आणि संगणकाला निदान लांबीवरून संशय येईल.

असे मोठ्या अंतराचे संकेत शोधण्यात एक मराठी नाव आहे, आणि ते आपल्याकडे जितकं घेतलं जावं तितकं घेतलं जात नाही. शरदचंद्र श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा; शिक्षण नागपूरला; नंतर अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्याकडे डॉक्टरेट. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी गणितज्ञ ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं जुना तर्क खोटा ठरवला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर घेतली. त्याच वर्षी बोस-श्रीखंडे यांचा आणखी एक लेख आला, हॅडमार्ड सारण्यांवरून संकेत कसे बांधायचे यावर. त्याच कुळातला एक संकेत नासाच्या मरिनर ९ यानाने १९७१-७२ मध्ये मंगळावरून छायाचित्रं पाठवताना वापरला. करड्या रंगाच्या चौसष्ट छटा, म्हणजे सहा बिट, पण पाठवायचे बत्तीस. त्यांतले सात बिघडले तरी चित्र शाबूत. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आणि बोस यांनी रे-चौधरींबरोबर १९६० मध्ये मांडलेल्या संकेताचा एक अवतार तुमच्या भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवर आहे. क्यूआर कोडच्या कोपऱ्यांजवळ त्या कोडची मांडणी सांगणारे काही बिट असतात, त्यांना हा संकेत राखतो. आतला मजकूर राखतो त्याचाच भाऊबंद, रीड आणि सॉलोमन यांचा. वरच्या प्रतीच्या कोडात सुमारे तीस टक्के भाग बाद झाला तरी मजकूर वाचता येतो. आमच्या मावशींच्या कोडावर कोथिंबिरीचं पाणी ठिबकून एक कडा उडाली आहे. पैसे जातात.

आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडाही असाच ताळ्याचा, व्हेरहूफ या डच गणितज्ञाच्या रीतीचा. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर पकडतो. पण हे सगळे ताळे अपघातावरचे उपाय आहेत. आनंदीबाई अपघात नव्हत्या. मुद्दाम फेरफार करणारा ताळाही बदलून टाकतो. त्याच्यासाठी गुप्तलेखन लागतं, आजच्या भाषेत डिजिटल सही, आणि तिचं काम अगदी मोर्तबेचं.

आता माणसांकडे. १९४९ मध्ये शॅननचा लेख पुस्तकरूपाने आला, तेव्हा वॉरन वीव्हर यांनी त्याला सर्वसामान्यांसाठी विवेचन जोडलं. त्यांनी तीन पातळ्या सांगितल्या: चिन्ह बरोबर पोचलं का, अर्थ पोचला का, आणि परिणाम झाला का. शॅननने पहिलीचंच उत्तर दिलं होतं. वीव्हरना वाटलं, बाकीच्या दोन पातळ्यांनाही हे लागू पडेल. इथे दार उघडलं आणि सगळे आत शिरले. मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, जीवशास्त्र. इलिनॉय विद्यापीठात विल्बर श्रॅम यांनी संज्ञापनाचा अभ्यासक्रमच उभा केला. पुढे त्यांच्या गटाच्या शिफारशीतून १९६५ मध्ये दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था निघाली. पत्रकारितेच्या आपल्या वर्गांत आजही फळ्यावर पहिल्या आठवड्यात तीच आकृती निघते: प्रेषक, माध्यम, ग्राहक, मध्ये बाणाने दाखवलेला गोंगाट. विद्यार्थी ती पाठ करतात. टेलिफोनच्या तारेसाठी काढलेली आकृती आहे, असं कोणी सांगत नाही.

खुद्द शॅननला ही जत्रा बघून अवघडल्यासारखं झालं. मार्च १९५६ मध्ये त्याने एका पानाचं टिपण लिहिलं. त्याचा सूर असा: आमचा विषय फॅशन झालाय, त्याच्यावर झेपणार नाही एवढा भार पडलाय, जरा दमाने घ्या. स्वतःच्या सिद्धान्ताला आवरा म्हणणारे संशोधक किती असतात?

त्याची शंका रास्त होती, हे एका साध्या प्रश्नावरून कळतं. ‘जेवलास का?’ आई रोज फोनवर विचारते. उत्तर रोज ‘हो’. शॅननच्या काट्यावर या संवादाचं वजन जवळजवळ शून्य, कारण उत्तर ठरलेलं. ‘काय मग?’ ‘चाललंय.’ शून्य. पण ‘चाललंय’ म्हणायला रोजच्यापेक्षा अर्धा क्षण जास्त लागला, तर आई विचारते, काय झालं? ती शब्द मोजतच नसते. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने अशा बोलण्याला १९२३ मध्येच नाव दिलं होतं. रोमान याकोबसन हा भाषाशास्त्रज्ञ शॅननच्या परिभाषेवर लुब्ध होता. त्याने ‘संकेत’, ‘संदेश’, ‘वाहिनी’ हे शब्द उचलले, पण १९५८च्या एका परिषदेत भाषेची सहा कार्यं सांगताना, नुसती वाहिनी उघडी आहे ना हे चाचपणारं बोलणं त्याने वेगळं काढलं आणि कवितेला स्वतंत्र जागा दिली. उसनवारी करावी तर अशी. वीव्हरसारखी सरसकट नव्हे.

माझं मत विचाराल तर शॅननने अर्थ बाजूला ठेवला हा त्याचा प्रामाणिकपणा होता. ज्यांनी नंतर तो बाजूला ठेवल्याचं विसरून माणसांवर तीच आकृती बसवली, त्यांची ती चूक. गारद्यापर्यंत चिठ्ठी पोचली, अक्षरं वाचता आली, हुकूम पाळला गेला. वाहिनीचा काही दोष नव्हता.

एक काम वाचकांवर सोपवतो. घरातलं एखादं मराठी पुस्तक घ्या, समोरच्याला न दाखवता बोट ठेवा आणि बेटीचा खेळ खेळा. दर अक्षराला किती अंदाज लागले ते वहीत लिहा. शंभर अक्षरं पुरतील, तासभर जाईल. सुरू करण्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्या: अक्षर म्हणजे काय धरायचं? ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं. पहिलं भांडण तिथेच होईल.